नव्वद इंजेक्शनं
(तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मघाशी एक पोरगा इथं बोलून गेला, हे सायन्सबियन्स, ही औषधं सगळं भांडवलदाराचं, आपलं त्यात काय? टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. का नाही, ते सांगतो.

माझा आजा गिरणीत होता. विणखात्यात पगार जास्त, पण तिथं कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागायचा. महाराच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागला की धर्म बुडत होता. म्हणून आपल्याला विणखातं बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न काढला तेव्हा भल्याभल्या लालभाईंची दातखीळ बसली. आजा रिंगखात्यात घुसला, त्याच्या मागनं बाप.

१९६९ ला बापाच्या खोकल्यातून रक्त पडलं. दहा बाय दहाची खोली, आम्ही सात माणसं. दीक्षा घेऊन तेरा वर्षं झालेली, तरी आजी म्हणाली करणी, आणि रात्रीचा लपूनछपून देवऋषी आला. कोंबडं गेलं, रक्त थांबलं नाही. मग दवाखाना. नव्वद इंजेक्शनं, शिवाय दीड वर्ष गोळ्या. दोन महिन्यांत बापाच्या गालावर मांस आलं. मी डोळ्यांनी बघितलंय. त्या सुईत जी ताकद होती ती कुठल्या मंत्रात नव्हती, आणि मला माफ करा, आपल्या घोषणेतही नव्हती.

मग एक दिवस दवाखान्यात औषध संपलं. उद्या या. उद्या गेला, परवा या. प्रत्येक फेरीला खाडा, खाड्याला पगार कापलेला. खोकला तर थांबलाय, मग कशाला? बापानं जाणं सोडलं. आणि हा जंतू साला असा आहे, की अर्धवट औषधानं दुबळे मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. म्हणून तर एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायची, आणि बरं वाटलं तरी महिनोन् महिने द्यायची. हे बापाला कुणी सांगितलं नाही. १९७१ ला तो गेला. मी अकरा वर्षांचा होतो.

तर विज्ञान कुणाचं? १८८२ साली बर्लिनमध्ये कॉखनं हा जंतू दाखवला. त्या दिवशी करणी, पाप, खानदानी दोष, सगळं खोटं ठरलं. आणखी एक गोष्ट ऐका. पूर्वी क्षय म्हणजे सॅनेटोरियम, थंड हवा, दूध-अंडी. म्हणजे पैसेवाल्यानं बरं व्हायचं. १९५६ ला मद्रासमध्ये १९३ गरीब रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकल्यागत निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्याच कोंदट घरात. औषध दोघांना तेच. १९५९ ला निकाल छापला : घरचे जवळजवळ तेवढेच बरे झाले, घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरच्या डॉक्टरांना आपली पद्धत बदलावी लागली. झोपडीतला माणूस झोपडीतच बरा होऊ शकतो हे मोजून, आकड्यानं सिद्ध झालं. याला मी आपलं विज्ञान म्हणतो. ते करणारे कुठल्या जातीचे होते ते मी विचारलेलं नाही.

पण घरी बरं व्हायचं तर औषध रोज मिळालं पाहिजे. तिथं सरकारची तिजोरी येते. पैसा नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, असं भोर समितीनं १९४६ ला लिहिलं. २०१७ च्या आरोग्य धोरणात म्हटलं, २०२५ पर्यंत सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात तो होता १.८४ टक्के. २०२५ उलटून गेलं. आणि मार्च २०२४ मध्ये पुरवठा अडला म्हणून केंद्रानं राज्यांना कळवलं, क्षयाची औषधं तीन महिन्यांपुरती तुमची तुम्ही घ्या. ते वाचलं आणि बापाचं 'परवा या' कानात वाजलं.

तुम्ही म्हणाल, आता विम्याचं कार्ड आहे. आहे ना. दवाखान्यात भरती झालं की कार्ड. क्षयाला रोज सकाळी गल्लीतला दवाखाना उघडा लागतो, थुंकी तपासणारा माणूस पगारावर लागतो, आणि पोटात भाकरी लागते. भाकरीचंही मोजून झालंय. झारखंडात २०१९ पासून क्षयरोग्यांच्या घरच्यांना शिधा दिला, तर त्या घरांतली नवी लागण चाळीसेक टक्क्यांनी कमी झाली. लस नाही, तांदूळ आणि डाळ!

औषधालाही मालक असतात. बेडाक्विलिन हे हट्टी क्षयावरचं औषध. त्याचं पेटंट कंपनी आणखी लांबवायला निघाली होती. क्षयातून उठलेल्या दोन बाया, एक इथली, एक दक्षिण आफ्रिकेतली, आडव्या आल्या. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. दोघींचीही ऐकू यायची ताकद त्या रोगाच्या जुन्या औषधांनी खाल्ली होती. त्यांनी विज्ञानाला शिव्या नाही घातल्या, चांगलं औषध मागितलं.

म्हणून शेवटी कामाचं बोलतो. आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात साठ्याची वही असते. कुठलं औषध किती आलं, कधी संपलं, त्यात लिहिलेलं असतं. सोमवारी सकाळी नऊला मी ती वही मागायला जाणार आहे. दिली नाही तर माहितीचा अर्ज तयार आहे. मघाशी बोलला तो पोरगा कुठंय? तू येतोस का?