रसद पुढून परत येते

फौजेत एक गोष्ट लवकर कळते: चौकी किती वेळ टिकेल हे जवानाच्या खिशातल्या गोळ्यांवर ठरत नाही, रसदीवर ठरतं. आपल्या नसांचंही तसंच आहे.

आता माझ्याबरोबर मूठ उघडझाक करत राहा. प्रत्येक संदेशाला नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन स्नायूवर सुटतं. ते सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं, एकेका पिशवीत हजारो रेणू. काठावर तयार पिशव्या थोड्याच, मागे राखीव साठा. नवा माल कण्यातल्या पेशीतून बोटांपर्यंत यायला दोनेक दिवस लागतात. तरी तुमची मूठ चालूच आहे. कशी?

1973 साली ह्यूझर आणि रीझ यांनी बेडकाच्या नसेत याचं उत्तर दाखवलं. रिकाम्या पिशवीचं आवरण नस आत ओढून घेते आणि त्याचीच नवी पिशवी करते. सुटलेल्या रसायनातलं कोलीनही परत उचलते. म्हणजे रसद मागून कमी, पुढूनच जास्त येते!

ही परतफेड थांबली तर? ‘शिबिरे’ नावाच्या फळमाशीत पिशवी तोडून आत घेणारं डायनामिन हे प्रथिन उष्णतेत बंद पडतं. तिशीच्या आसपास तापमान गेलं की माशी लुळी पडते, गार झालं की उठून चालू लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी अशा माशांवर बरंच काम केलं.

परतफेड नीट चालू असली तरी लागोपाठच्या संदेशांत सुटणारा माल थोडा घटतोच. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, कारण गरजेपेक्षा जास्त माल सुटत असतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात मात्र शरीराचीच प्रतिपिंडं स्नायूवरची माल घेणारी ठिकाणं नष्ट करतात. हाताशी काही शिल्लक उरत नाही. सकाळी ठीक असलेल्या माणसाच्या पापण्या संध्याकाळी पडतात, जेवता जेवता जबडा थकतो, विश्रांतीनं बरं वाटतं. डॉक्टर नसेला सेकंदाला दोन-तीन हलके झटके देऊन ही घट मोजतात.

घरात असं कुणी असेल तर त्याला आळशी म्हणू नका. मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या, उपचार आहेत. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच इस्पितळ गाठा.