आठ दिवसांची रजा आणि एक कादंबरी



पुंजणे मोडले, धानाची मळणी आटोपली, मोह पडायला अजून वेळ आहे. वडस्याच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव चालू आहेत आणि रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी चुलीपुढे डुलक्या घेणाऱ्या बाया घरोघरी आहेत. वर्षातले हेच काय ते जरा सैल दिवस. म्हणून आजचा विषय आत्ताच घेतो. कामावरून आठ दिवस सुट्टी काढायची, घरीच राहायचं आणि कादंबरी लिहायची, असा तो विषय आहे.

हसू आलं ना? आमच्या गटाच्या बैठकीत निघाला तेव्हा आम्हीही हसलो. मग एक जण म्हणाली, "का जी, बाईनं लिहू नये काय?" आणि हप्ते गोळा करायचे राहिले बाजूला, दोन तास तेच बोलणं चाललं.

कादंबरी म्हणजे काय, हे आधी सांगतो. झाडीपट्टीचं नाटक तुम्ही पाहता. त्यात पात्रं असतात, भांडण असतं, एकामागून एक प्रवेश येतात. कादंबरी म्हणजे तेच, पण कागदावर. मंडप नको, पेटीवाला नको, तिकीट नको. शिवाय नाटकात बाई गप्प उभी राहिली तर तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला ओळखावं लागतं. कादंबरीत ते सरळ सांगता येतं. आणि हा शब्द मुळात एका बाईचं नाव आहे बरं. सातव्या शतकात बाणभट्टानं संस्कृतात जी कथा लिहिली, तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. हर्ष राजाच्या पदरी असलेला हा मोठा लेखक, पण त्याच्या हातून ती पुरी झाली नाही. शेवट त्याच्या मुलानं लिहिला. तेव्हा अर्धी राहील या भीतीनं कोणी अडून बसू नये.

मराठीत पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. ती १८५७ सालची, आणि विषय विधवा बायांचे हाल. म्हणजे मराठी कादंबरी सुरू झाली तीच बायांच्या दुःखापासून. पुढे बायांनी स्वतः हातात लेखणी घेतली. काशीबाई कानिटकर लग्न होऊन सासरी आल्या आणि मग वाचायला शिकल्या. त्यांनीच १९२८ साली 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी काढली, आणि त्यात बायांनी चालवलेलं राज्य रंगवलं. स्वातंत्र्याच्या आधी, पंचायतीत बायांना आरक्षण मिळण्याच्या कितीतरी आधी.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ती लिहिण्याची नाही, "घरीच आहेस ना?" या प्रश्नाची आहे.

बाई मजुरीला गेली, अंगणवाडीत गेली, फळीवर तेंदूपत्ता घेऊन गेली की ती कामावर आहे हे सगळ्यांना दिसतं. तीच बाई सुट्टी काढून घरी बसली की तिच्या अंगावर घरची सगळी तुंबलेली कामं येतात. घरीच आहेस ना, मग तेवढं डाळ-तांदूळ निवडून घे. घरीच आहेस ना, मग पाहुण्यांना राहू दे दोन दिवस. वाकळ धुवायची राहिली, भिंत सारवायची राहिली, नणंदेच्या पोराला सांभाळायचं आहे. आठ दिवस कसे गेले कळत नाही आणि वही कोरीच. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी पुरणाचा घाट मात्र बाईच्याच माथी.

सरकारनं २०२४ साली लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पावणेपाच तास आणि दीड तास, एवढा फरक. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत. सरपण आणि पाणी ज्यांना लांबून आणावं लागतं, त्या आपल्यासारख्यांनी आपापला हिशोब लावावा.

मोठ्या लेखकांनाही हे आठ दिवस आपोआप मिळत नाहीत. काझुओ इशिगुरो नावाचे इंग्लंडमधले लेखक आहेत, जन्म जपानचा, २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. १९८७ च्या उन्हाळ्यात त्यांची एक कादंबरी अडून बसली होती. तेव्हा नवरा-बायकोनं मिळून ठरवलं की चार आठवडे दुसरं काहीच करायचं नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत लिहिणं. जेवायला दुपारी एक तास, रात्री दोन तास. टपाल पाहायचं नाही, फोन घ्यायचा नाही, घरी कोणी यायचं नाही. आणि त्यांच्या वाटणीचा स्वयंपाक, घरकाम? ते त्यांच्या बायकोनं, लॉर्ना यांनी, स्वतःची कामं सांभाळून केलं. त्या चार आठवड्यांत कादंबरीचा सांगाडा उभा राहिला, आणि पुढे तिला तिकडचा मोठा बुकर पुरस्कार मिळाला. इशिगुरोंनी हे स्वतःच लिहून सांगितलंय, बायकोचं श्रेय लपवलेलं नाही, याचं आम्हाला कौतुक वाटलं. पण आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "आपल्या घरी लॉर्ना कोण होणार?"

सगळं बोलणं इथंच येऊन अडतं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांना अशी लॉर्ना मिळाली नाही. घरी छोटं दुकान होतं. सामान बांधायला जी रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या. गिऱ्हाईक नसेल तेवढ्या वेळात लिहायचं आणि वही घरच्यांच्या हाती लागणार नाही अशी लपवायची. असं वीस वर्षं. शेवटी फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंना ते कळलं. मग १९८२ साली 'स्त्री' मासिकात छापून आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. ती कादंबरी नव्हे, आत्मकथा आहे, महार समाजाची आणि त्यातल्या बायांची. आज जगभर वाचतात. पण आम्हाला राहून राहून त्या वीस वर्षांचं वाटतं. दुकानात बसून, एक डोळा दारावर ठेवून त्यांनी एवढं लिहिलं. त्यांना वर्षाला आठ मोकळे दिवस मिळाले असते तर?

आत्मकथेचं नाव निघालं म्हणून हेही सांगतो. आमचा कल कादंबरीकडे आहे. कारण गावात राहायचं आहे. सासूचं, भासऱ्यांचं, पोलीस पाटलाचं नाव घालून लिहिलं तर दुसऱ्या दिवशी दारात भांडण. कादंबरीत नाव बदलता येतं, गाव बदलता येतं, दोन बायांची मिळून एक बाई करता येते. आणि सांगायचं ते सांगून होतं. आपल्याकडे सांगायला काय कमी आहे? मोह वेचायला पहाटे गेलेली आणि वाघामुळे परत न आलेली बाई आपल्या तालुक्या-तालुक्यात आहे. तिच्या मागे राहिलेल्या पोरीची गोष्ट कोण लिहिणार? हेमलकशाला बाहेरून येऊन राहिलेल्या विलास मनोहरांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी माडिया लोकांवर लिहिली. चांगली आहे, मिळाली तर वाचा. आपल्या भागातल्या उषाकिरण आत्राम, कुसुम आलाम यांनी कविता लिहिल्या. धान रोवणाऱ्या बाईनं स्वतः लिहिलेली जाड कादंबरी मात्र आम्हाला अजून वाचायची आहे.

धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या आमच्या बहिणी म्हणतील, आम्हाला महिन्याला चार-पाच दिवस चूल बंदच असते, कुर्माघरात बसवतात. खरं आहे. पण गळक्या छपराखाली, दिव्याविना, विंचू-सापाच्या भीतीत काढलेल्या दिवसांना आम्ही रजा म्हणणार नाही. त्यातून एक गोष्ट मात्र दिसते. ते दिवस घर बाईशिवाय चालतं. कोणीतरी रांधतं, कोणीतरी पाणी आणतं, कोणी उपाशी मरत नाही. विटाळासाठी घर बाईला सोडू शकतं, तर लिहिण्यासाठीही सोडू शकेल.

दुसरं उदाहरण आठवा. २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. बंदी १ एप्रिल २०१५ ला आली, २०२१ ला उठवली गेली, तो वाद आज नको. पण इतक्या बाया घर सोडून चालत होत्या, तेव्हा मागे चूल कोणी पेटवली? सासूनं, शेजारणीनं, काही घरी चक्क नवऱ्यानं. मोर्चाचं काम सगळ्यांचं वाटलं म्हणून ते झालं.

म्हणून आमचं म्हणणं असं की हे आठ दिवस एकटीनं घरात भांडून मिळवू नयेत, गटानं द्यावेत. रोवणीला आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या बांधीत, हे आपण करतोच. भिशीत पाळी येते तशी लिहिण्याची पाळी. दहा बायांचा गट असेल तर एकीच्या घरी सकाळ-संध्याकाळ भात-भाजी पोचवायला एकेका बाईच्या वाट्याला फार तर दोन वेळा येतात. सासूबाईंना सांगायला गटाच्या अध्यक्षांनी जावं, सुनेनं एकटीनं सांगू नये. घरात बसणं जमत नसेल तर दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ती खोली मागावी, समाजमंदिर मागावं. रोजी बुडते तिचं काय, यावर आमच्यात एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं गटातून बिनव्याजी कर्ज द्यावं. काहींचं म्हणणं, म्हैस घेतली तर दूध देते, कादंबरी काय देणार? तुमच्या गटात यावर काय ठरतं ते आम्हाला जरूर कळवा.

आठ दिवसांत पुरी कादंबरी होते का? नाही होत, उगीच आशा लावत नाही. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोकडच्या २१ जणांनी महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा पण केला आणि पुढे लाखो लोक दर नोव्हेंबरला तसं करू लागले. म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७ शब्द. आपल्या मोठ्या वहीच्या पानावर दोनशे शब्द धरले तर रोज आठ-नऊ पानं. या चालीनं आठवड्यात पाव कादंबरी होते. चार पाळ्यांत पुरी.

पाळी यायच्या आधी मात्र पात्रं मनात तयार पाहिजेत. रोवणी करता करता, निंदण करता करता ठरवा की तुमची बाई कोण, तिला काय हवंय, तिच्या आड कोण येतं. इशिगुरोंचीही आधीची तयारी झालेली होती. लिहायला बसल्यावर मागं वळून खोडू नका. त्यांनीही त्या चार आठवड्यांत भाषा कशी झाली हे पाहिलं नाही. सकाळचं लिहिणं दुपारच्या लिहिण्याशी जुळत नसलं तरी पुढेच गेले. शुद्धलेखनाची भीती तर टाकूनच द्या. ज्या भाषेत पाटावर बसून बोलता त्याच भाषेत लिहा, झाडीबोली असो, गोंडी असो की माडिया. देवनागरीत सगळं मावतं.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांनीही मागं राहू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या कामाच्या नादात रचत गेल्या आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या, मुलाकडची ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली पुस्तक आलं. आपल्याकडे तर आता मोबाईलवर बोललेलं साठवता येतं. नववी-दहावीतली नात ऐकून लिहून काढेल. आणि ज्या बाया महिन्याला गटाचं इतिवृत्त लिहितात, कोण आलं, कोण भांडलं, कोणाचा हप्ता थकला, त्यांचा हात तर आधीच वळलेला आहे.

आमच्या गटात चिठ्ठ्या टाकून झाल्या. पहिली पाळी जिची आली, तिनं दोनशे पानी वही आणून ठेवली आहे, येत्या सोमवारपासून बसणार. जेवण पोचवायच्या पाळ्या बैठकीच्या वहीत लिहिल्या आहेत. बुधवारच्या संध्याकाळची जागा तेवढी रिकामी आहे, शेजारच्या गटातल्या कोणाला जमत असेल तर निरोप पाठवा.