क्षयरोग आणि रक्तातील कॅल्शियम



फुप्फुसाचा क्षय म्हटला की खोकला, ताप आणि घटलेले वजन एवढेच डोळ्यांसमोर येते. रक्तातील कॅल्शियमचा विचार सहसा कोणी करीत नाही. उलट, अलिबाग असो वा श्रीवर्धन, अशक्त रुग्णासाठी आप्तेष्ट बहुधा कॅल्शियमच्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन येतात. हेतू प्रेमाचाच; परिणाम मात्र दर वेळी हिताचा होतो असे नाही.

क्षयजंतूंना कोंडून ठेवण्यासाठी शरीरातील भक्षक पेशी फुप्फुसात गाठी बांधतात. ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे काम एरवी मूत्रपिंडाचे, तेही गरजेपुरते. या गाठींतील पेशी तेच काम करू लागतात आणि त्यांच्यावर तसा अंकुश नसतो. मग आतड्यांतून कॅल्शियम अधिक शोषले जाते. रक्तातील त्याचे सर्वसाधारण प्रमाण डेसिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलीग्रॅम, काही रुग्णांत ते याहून वर चढते. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, क्वचित भ्रम ही त्याची लक्षणे. ती क्षयाच्या किंवा औषधांच्या माथी मारली जातात, आणि तिथेच घोटाळा होतो.

याउलटही घडते. क्षयात अल्ब्युमिन हे प्रथिन घटल्याने तपासणीत कॅल्शियम खोटेच कमी दिसते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. रिफाम्पिसिनमुळे ‘ड’ जीवनसत्त्वाचा ऱ्हास वाढतो, तेव्हा काहींत कॅल्शियम खरोखरच उतरते. गोळ्या द्याव्यात की नाही, हे म्हणूनच शेजाऱ्याने नव्हे, तपासणीने ठरवावे. (एक्स-रेमध्ये दिसणारा चुन्याचा डाग हा भरलेल्या जखमेचा व्रण, त्यावरून रक्तातील कॅल्शियम कळत नाही.)

समाजाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पाण्याची. कॅल्शियम चढलेल्या रुग्णाच्या अंगातील पाणी लघवीवाटे जात असते. ते भरून निघाले नाही तर कॅल्शियम आणखी चढते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अशा रुग्णाने चौविहाराचे वा निर्जल उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गुरुमहाराजांनाही प्रकृती सांगावी. आजारपणासाठी आगार ठेवण्याची सोय पच्चक्खाणाच्या विधीतच आहे.

तपासणी साधी, रक्ताची आहे. कॅल्शियम वाढलेले आढळले तरी क्षयाची औषधे मनाने थांबवू नयेत. सहसा त्याच औषधांनी गाठी विरत जातात आणि कॅल्शियमही पूर्वपदावर येते.