शरीरातील अफू आणि जबड्याचे दुखणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नव्हे, बी. ए. होऊन सरकारी फायलींत आयुष्य घालविलेला माणूस आहे. तरीही वेदनेवर बोलण्याचे धाडस करतो, कारण रजेच्या अर्जांच्या रूपाने माणसांची दुखणी माझ्या टेबलावरून नित्य जातात. दाढ काढून आलेल्या दोघांपैकी एक दुसऱ्याच दिवशी हजर होतो, दुसरा तीन दिवस अंथरूण धरतो, आणि हा दुसरा ढोंग करतो अशी कुजबुज कचेरीत सुरू होते. ही कुजबुज कितपत न्याय्य आहे, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

अफूने वेदना शमते हे मानवाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. माळव्यात नीमच-मंदसौरकडे राहिलेल्या बांधवांनी खसखशीची फुललेली शेते पाहिली असतील. तेथे केंद्र सरकारच्या परवान्याने हे पीक काढतात. परंतु एका झाडाचा चीक आपल्या मेंदूला लागू का पडावा? १९७३ साली असे आढळले की, मेंदूत अफूजन्य द्रव्ये जेथे नेमकी चिकटतात अशी ठिकाणे, म्हणजे ग्राही, आहेत. निसर्गाने हे कुलूप काही खसखशीच्या किल्लीसाठी घडविले नसणार. शरीराची स्वतःची किल्ली १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळी केली. तिचे नाव एन्केफॅलिन.

आता जबड्याकडे वळू. गालावर बोटे ठेवून दात आवळले की जो स्नायू टणक लागतो, तो चर्वणाचा मुख्य स्नायू. झोपेत दात खाणाऱ्याचा सकाळी हाच ठणकतो. २००१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झुबिएटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या या स्नायूत तीव्र खारे पाणी थोडे थोडे सोडून दुखणे एका पातळीवर राखले. त्याच वेळी रक्तात किंचित किरणोत्सारी असे, अफूच्या ग्राहींना चिकटणारे द्रव्य सोडून मेंदूची चित्रे घेतली. दुखणे सुरू असता मेंदूच्या काही भागांत त्या द्रव्याला जागा अपुरी पडू लागली. शरीराची स्वतःची अफू तेथे आधीच येऊन बसली होती! आणि ज्यांच्यात ती अधिक स्रवली, त्यांनी दुखणे कमी व त्याचा जाचही कमी असल्याचे सांगितले. खारे पाणी तेच, स्नायू तोच. फरक होता तो आतल्या पुरवठ्याचा.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, याच मंडळींना आणखी एक गोष्ट दिसली. स्त्रीसंप्रेरकांचे प्रमाण कमी असलेल्या दिवसांत तपासलेल्या स्त्रियांमध्ये हा प्रतिसाद पुरुषांपेक्षा उणा होता. जबड्याचे जुनाट दुखणे स्त्रियांतच अधिक आढळते. त्याचे सारे कारण एवढ्यातच आहे असे कोणी म्हणत नाही. पण घरातील बाई महिनोन् महिने गाल धरून बसते आणि आपण ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून वृत्तपत्रात डोके घालतो, हे मला अन्यायाचे वाटते.

मनाचा संबंध आहेच, पण निराळ्या प्रकारे. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून निष्क्रिय द्रव्य दिले असता काहींना आराम पडला. अफूचा परिणाम रोखणारे नालोक्सोन देताच त्यांचे दुखणे वाढले. म्हणजे नुसत्या विश्वासानेही शरीराची अफू स्रवते. २००५ मध्ये मिशिगनच्या चित्रांनी हेच जबड्याच्या स्नायूबाबत दाखविले. डॉक्टरांच्या धीराच्या दोन शब्दांना मी तेव्हापासून औषधातच जमा धरतो. अर्थात धीर देऊन किडलेली दाढ भरून निघत नाही. आणि चालताना जबड्यात कळ येऊन छातीही दाटत असेल, तर दंतवैद्याकडे न जाता हृदयाची तपासणी तत्काळ करावी.

जाता जाता एक उपयुक्त गोष्ट सांगतो. स्वस्थ बसलेले असताना ओठ मिटलेले आणि दात मात्र सुटे असावेत, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. फायली वाचताना माझे दात बहुधा आवळलेलेच असतात. याहून अधिक शंका असतील, तर सभेत दोन दंतवैद्य उपस्थित आहेत. त्या त्यांना विचाराव्यात.