माजघराची प्रतिकृती



आमचा वडिलोपार्जित वाडा पाडावयाचे ठरले, तेव्हा आम्ही त्याची मापे घेतली, छायाचित्रे काढली. परंतु माजघराची ती गार, शांत सावली कशातच उतरेना. म्हणून पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. खांब, कोनाडे, देव्हारा सारे वगळले. जाड भिंती, बुटके छत आणि चौकाकडील एकच दार ठेविले. पांढऱ्या पुठ्ठ्यावर उजेड उसळू लागला, तेव्हा आतून काजळी फासली. मग दाराबाहेर दिवा धरला की प्रकाश जमिनीवरून आत सरके आणि मध्यावर विझे.

ही दृष्टी केवळ आमची नव्हे. अमेरिकेतील सिॲटल विद्यापीठाचे सेंट इग्नेशियस प्रार्थनामंदिर १९९७ साली पुरे झाले. त्याची कल्पना वास्तुकार स्टीव्हन हॉल यांनी दगडी पेटीतील प्रकाशाच्या सात बाटल्या अशीच मांडली होती.

आमच्या वृद्ध आत्याबाईंनी त्या पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “आईची बाज ह्याच अंधारात असे.” बाज तर आम्ही केलीच नव्हती!

वाडे पडणारच, त्याचा शोक किती करावा? मात्र पाडण्यापूर्वी एकदा दिवस कलताना माजघरात बसावे आणि मुलांच्या हाती पुठ्ठा व कात्री द्यावी, एवढीच विनंती.