कमावत्या बाईची पोटगी



नवराबायकोचे पटेनासे झाले, की घर मोडते. कोणाच्या चुकीने मोडले, याचा निवाडा आज करायचा नाही. लेकरे मात्र बहुतेक वेळा आईजवळ राहतात. त्यांची भाकरी, दवाखाना, वह्यापुस्तके यांचा खर्च कोणी द्यायचा, एवढेच बोलू.

गावात एक बोलणे फार ऐकू येते. "बाई रोजाने जाते, चार पैसे कमावते, मग तिला पोटगी कशाला?" हे बोलणे बरोबर नाही. जिला स्वतःचे पोट भरता येत नाही, अशा बायकोला नवऱ्याने पोटगी द्यावी, असा कायदा आहे. पण त्यासाठी बाई भिकेला लागली पाहिजे असे नाही. जगण्यापुरते ती थोडेफार कमावते, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका निकालात सांगितले.

समजा, एक बाई खुरपायला जाते आणि दिवसाला ३०० रुपये आणते. काम काही रोज मिळत नाही. पावसात आठ-आठ दिवस घरी बसावे लागते. त्यात दोन लेकरांचे कसे भागणार? न्यायाधीश हे सारे पाहतात. तिची कमाई हिशेबात धरतात, नाही असे नाही. पगार चांगला असला, तर तिची स्वतःची पोटगी कमी होईल, कधी मिळणारही नाही. पण लेकरांचा हक्क वेगळा. आई कमावते म्हणून बाप मोकळा होत नाही.

या कायद्याला लोक अजून 'एकशेपंचवीस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तो नव्या संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. तो सर्व धर्मांच्या बायांसाठी आहे. पूर्वी महिना ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ साली उठली.

अर्ज करायला सासरच्या गावी जावे लागत नाही. बाई राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. वकिलाला पैसे नसले, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, मग तिची कमाई कितीही असो.

निकालाला वेळ लागतो. तोवर चालू खर्चासाठी अंतरिम पोटगी मागावी. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले. म्हणजे अर्ज वर्षभर लांबवला, तर त्या वर्षाचे पैसे बुडाले.

आता एक जपण्याची गोष्ट. चार माणसे बसतात, स्टॅम्पपेपर आणतात आणि म्हणतात, "बाई, इथे अंगठा कर." कागदात काय लिहिलेले असते? "आम्ही दोघे राजीखुशीने वेगळे राहतो. माझे काही मागणे नाही." आणि संमतीने वेगळे राहणाऱ्या बायकोला या कलमाखाली पोटगी मिळत नाही! आता तुम्हांला वाचता येते. कागद हातात घ्या, अक्षर अन् अक्षर वाचा. समजले नाही, तर सही करू नका. "उद्या सांगते," म्हणा. बरे, अंगठा झालाच असेल, तरी आईच्या अंगठ्याने लेकरांचा हक्क बुडत नाही.

आपल्या महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनाही आहे. घटस्फोट झाला पण पोटगी मिळत नाही, अशी गरीब बाई तहसील कचेरीत अर्ज करू शकते. २०२३ साली ही मदत महिना १००० रुपयांवरून १५०० झाली.

कोर्टाचा हुकूम होऊनही नवरा पैसे देत नसेल, तर? पुन्हा कोर्टात अर्ज करावा. कोर्ट वॉरंट काढते. तरीही थकवले, तर एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. मात्र हप्ता थकल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज गेला पाहिजे. म्हणून कोणत्या महिन्याचे किती पैसे आले, किती राहिले, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे.