दहा वर्षांचे मूल आणि घरातली डबी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या विदुषी पाहुण्या बोलवायच्या, असा आपला रिवाज. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि मला उभे केले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याचा सराव नाही. परंतु विषय मुलांचा आहे, आणि त्या शाळेत आपण सगळ्याच शिकलो आहोत. म्हणून दोन शब्द सांगण्याचे धाडस करते.

मुलांना व्यसन लागू नये म्हणून घराने काय करावे, एवढेच मला बोलावयाचे आहे. लागल्यानंतरची गोष्ट निराळी. त्यासाठी दवाखाने आहेत, पुण्याच्या मुक्तांगणासारखी केंद्रे आहेत. मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. तिथेही एकट्या व्यसनी माणसाला समजावून भागत नाही. त्याच्या घरच्यांनाही बरोबर घ्यावे लागते. मी म्हणते, बरे करताना जर घर लागते, तर आधी राखताना ते लागणार नाही का?

आपण सर्वजणी एक वाक्य नेहमी बोलतो : ‘मुलगा संगतीने बिघडला.’ संगत वाईट असते हे खरेच. पण २०१९ साली आपल्या देशात १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींची तंबाखूबाबत पाहणी झाली. त्यात शंभरात साडेआठ मुले कसला ना कसला तंबाखू वापरणारी निघाली. त्याहून मला धक्का बसला तो पुढच्या आकड्याने. ज्यांनी खाण्याचा किंवा लावण्याचा तंबाखू कधी तरी घेतला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच तोंडात घातला होता. आता सांगा, नऊ वर्षांच्या मुलाला नाक्यावरची संगत कुठली? त्याची संगत म्हणजे आपण. त्याचा नाका म्हणजे आपला ओटा आणि आपली मोरी.

कोनाड्यात मशेरीची डबी असते. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी आणि पुडी असते. पाहुणे आले की आपण पोराच्या हातावर पैसे ठेवून म्हणतो, ‘जा रे, टपरीवरून काकांना पुडी आण.’ उरलेल्या पैशांची गोड सुपारी घ्यायला त्याला मोकळीक असते. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकणे, या दोन्हींना २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. कायदा आपल्या परीने आहे. पण टपरीची वाट मुलाला प्रथम कोणी दाखविली, हे ज्या त्या घराला ठाऊक असते.

माझ्या सासूबाई चाळीस वर्षे मशेरी लावीत. एके सकाळी त्यांचा चार वर्षांचा नातू शेजारी बसून रिकाम्या बोटाने तसेच दात घासू लागला. घरात सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. मशेरी त्यांना सुटली नाही, खोटे कशाला सांगू? परंतु त्या दिवसापासून त्यांनी ती मुलांसमोर लावली नाही, डबी आपल्या ट्रंकेत ठेवली आणि कोणत्याही नातवाला त्यासाठी दुकानात धाडले नाही. ज्यांची सवय सुटत नाही त्यांनाही एवढे करता येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट माझ्या माहेरच्या नात्यातली. सातवीतल्या मुलाच्या कंपासपेटीत आईला पुडी सापडली. वडिलांनी त्याला पट्ट्याने मारले; मारताना त्यांच्या स्वतःच्या गालात तीच पुडी होती. मुलगा रडला नाही की बोलला नाही. पुढे कंपासपेटीत काही सापडेना, म्हणून आईला वाटले, पोर सुधारले. पोर सुधारले नव्हते, फक्त लपवायला शिकले होते. आज तो सोळा वर्षांचा आहे. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठरली, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. आमटीचे तिखट त्याला सोसत नाही. आई भाकरी कुस्करून देते. वडिलांनी मारले ते मायेपोटीच, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्या घरात मार होता आणि माया होती, या दोहोंच्या मध्ये जे बोलणे असावे लागते ते नव्हते.

हे बोलणे शिकविता येते, अशी माहिती मला माझ्या भाचीने दिली. ती समाजकार्याचे शिक्षण घेते. तिने इंग्रजी पुस्तकातून वाचून मला जे समजाविले ते सांगते. अमेरिकेत करोल कुम्फर नावाच्या बाईंनी व्यसनी आईबापांच्या मुलांसाठी १९८० नंतरच्या काळात घरांना बळ देण्याचा एक कार्यक्रम तयार केला. पुढे आयोवा या राज्यातल्या विद्यापीठाने तो साध्या, चारचौघांसारख्या घरांसाठी बदलून घेतला. आयोवा म्हणजे मका पिकविणारा शेतकऱ्यांचा मुलूख. मुलांचे वय धरले दहा ते चौदा. म्हणजे सवय लागण्याच्या आधीचे किंवा नुकतीच लागू पाहणारे.

रीत अगदी सोपी आहे. आठवड्यातून एक याप्रमाणे सात बैठका, प्रत्येक दोन तासांची. पहिला तास आईबाप एका खोलीत आणि मुले दुसऱ्या खोलीत. दुसरा तास सगळे एकत्र. आईबापांनी शिकावयाचे ते असे : घरचे नियम थोडे आणि स्पष्ट असावेत, लहान चुकीला शिक्षा लहान असावी, चांगले वागल्यावर तसे तोंडाने म्हणावे, आणि रागाच्या भरात मुलाला नावे ठेवण्याऐवजी आपल्याला काय वाटते ते सांगावे. ‘मेल्या, तुला घरची आठवण नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तू सातपर्यंत आला नाहीस की माझा जीव टांगणीला लागतो’ असे म्हणावे. दोन्ही वाक्ये आईचीच. पण पहिल्याने मूल दाराबाहेर जाते, दुसऱ्याने आत येते.

मुलांनी त्यांच्या खोलीत शिकावयाचे ते म्हणजे सोबत्याला नाही कसे म्हणावे. नुसते ‘नाही’ म्हणणाऱ्याला भित्रा ठरवितात. म्हणून आधी विचारावे, ‘आहे काय ते?’ मग त्याने काय होईल ते सांगावे, आणि शेवटी ‘त्यापेक्षा चल, क्रिकेट खेळू’ असा दुसरा मार्ग काढावा. हे पाठांतराने येत नाही. नाटकाची तालीम करतात तसे आपसात करून पाहावे लागते.

१९९३ च्या सुमारास आयोवातल्या खेड्यांतील ३३ शाळांतून याची परीक्षा घेतली. चार वर्षांनी पाहिले, तेव्हा ज्या घरांना हे शिक्षण मिळाले होते तिथली मुले दारू, सिगारेट आणि गांजाकडे कमी वळली होती. परंतु एकच बाजू सांगणे बरे नव्हे. हाच कार्यक्रम पुढे स्वीडनमध्ये आणि पोलंडमध्ये नेला, तेव्हा तिथे असा गुण दिसला नाही. एका घरचे विरजण दुसऱ्या घरच्या दुधाला लागतेच असे नाही. म्हणून आपल्याला नक्कल करावयाची नाही. आपल्या दुधाला लागेल असे विरजण आपण घालावयाचे आहे.

माझी सूचना अशी. दिवाळीची सुट्टी संपली की सात शनिवार संध्याकाळी मंडळाची खोली आणि बाजूचा ओटा आपण यासाठी द्यावा. पाचवी ते आठवीची मुलेमुली आणि त्यांचे आईवडील यांनी यावे. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी शिकवायला तयार आहेत. खाण्याचे आपण आळीपाळीने करू, पोहे-चहा पुरे.

अडचण एकच निघेल, ती म्हणजे वडील येणार नाहीत. काही म्हणतील, ‘मीच खातो, मग पोराला काय तोंडाने सांगू?’ त्यांना माझे सांगणे असे की, जो खातो त्याला या सवयीची किंमत न खाणाऱ्याहून अधिक ठाऊक असते. ‘मला सुटत नाही, म्हणून तू धरू नकोस,’ हे वाक्य बापाने मुलाजवळ बसून म्हटले तर ते पट्ट्याहून खोल जाते. आणि सोडावयाची इच्छा असेल त्यांच्यासाठी सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. तो खोलीच्या दारावर लिहून ठेवू.

तोवर तीन गोष्टी आजपासून करता येतील. मुलाला पुडी, बिडी किंवा मशेरी आणायला धाडावयाचे नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. हळदीकुंकवाला आणि वाढदिवसाला मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी द्यावयाची नाही. त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की द्यावी. आणि दिवसातून एकदा, रात्रीच्या जेवणाला, मोबाईल बाजूला ठेवून मुलाबरोबर बसावे आणि त्याचे ऐकावे. मध्येच उपदेश करू नये, हे आपल्याला सर्वांत जड जाईल, हे मी जाणून आहे.

ज्यांना शनिवारी यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, आणि नावापुढे मुलाच्या वडिलांचेही नाव घालावे. त्यांना घरी जाऊन विचारण्याचे काम मी आणि अध्यक्षाबाई करू.